कर्ता असलेली बातमी

मुंबई दूरदर्शनचे पहिले मराठी वृत्तनिवेदक म्हणून ओळखले जाणारे डॉ. विश्वास मेहेंदळे (निधन २०२३) पुढे पुण्यात पत्रकारितेच्या अध्यापनाकडे वळले. बोलण्यात मुरलेल्या माणसाने ती विद्या पुढच्या पिढीस द्यावी, हे आम्हांस मोलाचे वाटते. ऐकलेली बातमी मागे उलटून पाहता येत नाही. म्हणून तिचे वाक्य आटोपशीर हवे आणि त्यात कर्ता हवा.

आमची हयात सरकारी टिपणे लिहिण्यात गेली. ‘पुनर्वसन करण्यात आले’ या वाक्यात कर्ता नसतो, आणि ज्याचे घर गेले तोही नसतो. काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावरचे सुपा गाव १०१ मीटर उंचीच्या धरणामागे बुडाले. तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. धरणाची उंची कागदोपत्री राहिली. अंगणातले तुळशीवृंदावन कोणी, कोठे हलविले, यासाठी फायलीत रकाना नव्हता.

आमच्याकडील मुले कारवार-धारवाडला शिकावयास जातात. त्यांतील कोणी वार्ताहर झाल्यास त्याने प्रथम त्या विस्थापित वृद्धांपुढे बसावे, एक प्रश्न विचारावा आणि मग गप्प राहावे. सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.