परत आलेला डबा

घरगुती डबे नव्यानं सुरू केले की पहिली दहा-बारा गिऱ्हाइकं ओळखीतलीच मिळतात, आणि ओळखीची माणसं तोंडावर खरं सांगत नाहीत. विचारलं तर ‘छान होतं हो’ म्हणतात आणि पुढच्या महिन्यात डबा बंद करतात. खरं काय ते परत आलेला डबा सांगतो. म्हणून तो घासायला टाकण्याआधी उघडून पाहायचा असतो.

पोळीच्या नुसत्या कडा उरल्या असतील तर लाटताना त्या जाड राहिल्या. भाजी संपून तळाशी तेल साचलं असेल तर फोडणीचा हात आवरायचा. भात उरला की नवखा माणूस दुसऱ्या दिवशी भात कमी करतो. पण आमटीचा पुडा चाटूनपुसून रिकामा असेल तर बहुतेक वेळा आमटीच पुरलेली नसते. दुधी एकाच डब्यातून परत आला तर ती त्या माणसाची नावड. आठ डब्यांतून आला तर भाजीच बिघडली. काही सज्जन डबा लख्ख धुऊन पाठवतात. त्यांच्याबद्दल काहीच कळत नाही.

पोळी तव्यावरून उतरते साडेदहाला, गिऱ्हाईक ती खातं एक वाजता. गरम पोळ्या तशाच डब्यात कोंबल्या तर तोवर त्यांना घाम सुटतो आणि खालची पोळी लिबलिबीत होते. त्या फडक्यावर सुट्या टाकून वाफ जाऊ द्यावी लागते. निदान पहिला महिनाभर एक डबा जास्तीचा भरून ठेवावा आणि करणाऱ्यानं स्वतः एक वाजता तोच जेवावा.

पुण्याच्या पेठांत स्पर्धा परीक्षेच्या मुलांना चार पोळ्या आणि झणझणीत रस्सा हवा असतो, त्याच वाड्यातल्या आजी-आजोबांना दोन मऊ फुलके आणि बेताचं तिखट. दोघांना चालेल असं मधलं तिखट कुणालाच आवडत नाही. सुरुवातीला एकच वर्ग धरलेला बरा. मुंबईत गिरणगावातल्या खाणावळींना हे ठाऊक होतं. कोकणातल्या कामगाराला भात आणि मासळी लागे, घाटावरच्याला भाकरी. तसं वाढणाऱ्या बाईकडेच तो जेवायला जाई. जेवण रोजचं, पैसे मात्र पगार झाल्यावर. तोवरचा किराणा भरायला बायका सावकाराकडून जबर व्याजानं पैसे घेत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं.

महिन्याच्या हिशेबात भांडण होतं ते खाड्यांवरून. मीठ जास्त पडलं तर गिऱ्हाईक एकदा माफ करतं, न जेवलेल्या दिवसाचे पैसे लावले तर करत नाही. खाडा कधीपर्यंत कळवायचा, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावं. वहीत प्रत्येकाला वेगळं पान द्यावं. वर खाडे, खाली शेरे: तिसरा मजला, लसूण नको, गुरुवारी उपास, भात फक्त रविवारी, डबा वॉचमनकडे.