नंबर कितवा?

प्रगतिपुस्तक हाती पडताच पालकांच्या मुखातून पहिला प्रश्न निघतो तो हा : "नंबर कितवा?" वर्षारंभी जे येत नव्हते ते मुलाला आता येते की नाही, त्याला वाचनाची गोडी लागली की नाही, हे प्रश्न मागाहून येतात, किंवा येतच नाहीत. याबद्दल पालकांस दोष देण्याचा अधिकार मला नाही. कारण मी स्वतःच या दुखण्याचा जुना रोगी आहे. त्याची हकीकत विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडीलधाऱ्यांस मोकळेपणी सांगावी, असे बरेच दिवस मनात होते.

मी मिशनच्या वसतिगृहात वाढलो व मिशनच्याच साहाय्याने पदवीधर झालो. तेथे माझा एक वर्गबंधू होता. उपासनेच्या वेळी आम्ही एकाच बाकावर बसत असू व एकाच पुस्तकातून गीते गात असू. परंतु परीक्षा जवळ आली की देवाजवळ माझे मागणे एवढेच असे की, त्याच्याहून निदान दोन गुण मला अधिक पडावेत. या प्रार्थनेत काही गैर आहे, असे त्या वयात मनातही आले नाही. पुढे आम्ही दोघेही शिक्षक झालो, तो एका शाळेत व मी दुसऱ्या. आणि दहावीचे निकाल लागले की मी आपल्या शाळेच्या आधी त्याच्या शाळेचा निकाल पाहू लागलो.

त्या काळी नववीचा वर्ग मजकडे असे. दहावीचा निकाल शेकडा शंभर लागावा, अशी माझी ईर्ष्या होती. आणि त्यासाठीची युक्ती शिक्षकवर्गास सांगावयास नको. दुबळी मुले नववीतच अडवून ठेवली म्हणजे दहावीस सबळ तेवढीच उरतात. एका वर्षी आशागडच्या बाजूच्या एका पाड्यावरील वारली मुलगा माझ्या वर्गात होता. भाताच्या आवणीच्या दिवसांत तो दोन-दोन आठवडे शाळेस येत नसे. इंग्रजी त्याचे अगदीच कच्चे. परंतु फळ्यावर नकाशा काढू लागला की सारा वर्ग स्तब्ध होऊन पाहत राही. वार्षिक परीक्षेत त्यास चार गुण कमी पडले. ते चार गुण देणे माझ्या हाती होते. मी दिले नाहीत. जून महिन्यात शाळा उघडली, तेव्हा तो आला नाही. आणि खरे सांगावयाचे तर त्याची चौकशी करण्यास मीही गेलो नाही. पुढील वर्षी आमचा निकाल शंभर लागला, पेढे वाटले गेले. माझ्या वर्गबंधूच्या शाळेचा निकाल सत्त्याण्णव होता. त्या रात्री मला मोठी गाढ झोप लागली.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी डहाणूजवळच्या एका वाडीत मी चिकू घेण्यास गेलो असता फळांच्या ढिगापाशी एक तरुण बसलेला दिसला. मोठा, मध्यम, बारीक, असे तीन वाटे तो झपाट्याने करीत होता. मला पाहताच तो उठून उभा राहिला. "गुरुजी, ओळखलेत का?" मी ओळखले होते, ओळखले नसते तर बरे झाले असते, असे क्षणभर वाटले. त्याच्या बोलण्यात रागाचा लवलेशही नव्हता. मोठ्या वाट्यातील उत्तम फळे वेचून त्याने माझ्या पिशवीत घातली व म्हणाला, "भात कापून झाले आहे. आज रात्री पाड्यावर तारपा आहे. याल का?"

मी गेलो. या भागातील वाचकांस तारपा नवा नाही. दूरच्या वाचकांसाठी सांगतो की, वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या व ताडाची पाने यांपासून केलेले हे एक लांब वाद्य आहे. वाजविणारा मध्ये असतो व त्याच्याभोवती स्त्रीपुरुष एकमेकांच्या कमरेस हात घालून फेर धरतात. तारप्याकडे कोणी पाठ फिरवीत नाही. तो तरुण मला हात धरून फेरात घेऊन गेला. माझे पाय सारखे चुकत होते; पण चुकलो की कमरेवरील हात घट्ट होई व मी पुन्हा ठेक्यात येई. फेराची गुंडाळी होऊन ती पुन्हा उलगडे. आपल्यापुढे किती जण आहेत, हे मोजण्याचे भान मला तेथे एकदाही राहिले नाही.

घरी आल्यावर योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय उघडला. तिबिर्याच्या सरोवराच्या काठी पुनरुत्थित प्रभूने पेत्राला आपली मेंढरे चारण्याचे काम नुकतेच त्रिवार सोपविले आहे. आणि लगेच पेत्र मागे वळून दुसऱ्या शिष्याकडे पाहतो व त्याचे काय होणार, असे विचारतो. ती पंचाईत तुला नको, तू माझ्यामागून चाल, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळते. हा अध्याय मी मुलांना कितीदा तरी शिकविला होता. मेंढरे चारण्याऐवजी मी त्यांचे वजन करून हलकी तेवढी बाहेर काढीत होतो, हे मात्र त्या रात्रीच उमगले.

शर्यत मुळीच असू नये, असे मी म्हणत नाही. क्रीडादिनी मुले धावू लागली की मीही टाळ्या पिटतो, आणि प्रेषित पौलानेही धावणाऱ्याचा दाखला दिलाच आहे. परंतु विद्येचा उपयोग केवळ दुसऱ्याहून उंच दिसण्यासाठी करू लागलो म्हणजे ती विद्या कोणाच्याच उपयोगी पडत नाही. या बाबतीत मला पंडिता रमाबाईंचे स्मरण होते. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे वीस होते. विद्वत्सभा गाजवीत राहणे त्यांस सहज शक्य होते. त्याऐवजी 1896-97 च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुली त्यांनी गोळा केल्या व केडगावच्या मुक्ती सदनात त्यांस आसरा दिला. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर हाती घेतले, तेही खेड्यातील अल्पशिक्षित बायकांस समजेल अशा साध्या शब्दांत. ते काम मुक्तीच्याच छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातून छापले गेले. 5 एप्रिल 1922 रोजी त्या प्रभूकडे गेल्या, तोवर त्या याच कामात गढलेल्या होत्या. ज्या संस्कृत पांडित्याने सभा जिंकल्या, तेच त्यांनी साध्या मराठीपुढे नम्र केले.

आता दर रविवारी उपासना आटोपली की दुपारी मी त्या पाड्यावर जातो. सतरा नंबरचा अर्ज भरून तो तरुण बाहेरून दहावीस बसला. त्याच्या ओसरीवर आम्ही इंग्रजी वाचतो. त्याची धाकटी बहीणही आता येऊन बसते, व उच्चारांत ती त्याच्याहून बरी आहे. गेल्या निकालाच्या दिवशी तो चिकूच्या वाडीतून थेट माझ्या घरी आला. दार उघडताच माझ्या तोंडून निघून गेले, "किती टक्के?"

तो हसला. "इंग्रजी राहिले, गुरुजी. बाकी सगळे सुटले. रविवारी याल ना?"