बंधनांसकट प्रत

चाचण्या झटपट चालाव्यात आणि डिस्कवरच्या खऱ्या डेटाला धक्का लागू नये, म्हणून टेबलांची मेमरीत प्रत काढणं हे माझं नेहमीचं काम. एसक्यूएलाइट अख्खा डेटाबेस मेमरीत उभा करून देतं. कनेक्शन बंद केलं की तो नाहीसा होतो.

‘क्रिएट टेबल ॲज सिलेक्ट’ ही प्रतीची सर्वांत सोपी आज्ञा. नोंदी मोजाव्यात तर तंतोतंत तेवढ्याच. पण समजा, ते पतसंस्थेच्या हप्त्यांचं टेबल आहे. पावती क्रमांक ही प्रायमरी की, तारीख रिकामी चालत नाही, रक्कम शून्याहून जास्त हवी असा चेक, आणि खाते क्रमांक खातेदारांच्या टेबलात असलाच पाहिजे. प्रतीत यातलं एकही बंधन उतरत नाही. कॉलमचा प्रकारसुद्धा ढोबळच येतो: मुळात ‘व्हारकॅर’ आणि कमाल लांबी लिहिलेली असली, तरी इथे नुसतं ‘टेक्स्ट’ राहतं. उणे पाचशे रुपयांचा हप्ता घालून पाहा, बिनबोभाट जातो. तीच पावती पुन्हा घाला, तीही जाते.

अशा प्रतीवर पास झालेली चाचणी मी मानत नाही. नोंदींवरून आजवर काय घडलं ते कळतं. काय कधीच घडू द्यायचं नाही, ते बंधनांवरून, म्हणजे कन्स्ट्रेंटवरून, कळतं. एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडलं, त्या निबंधातच प्रायमरी की आणि फॉरेन की होत्या. डेटाची विश्वासार्हता तिथून सुरू होते.

म्हणून मी लांबची वाट धरतो. प्रत्येक टेबलची ‘क्रिएट’ आज्ञा ‘एसक्यूएलाइट मास्टर’ या अंतर्गत टेबलात मजकूर म्हणून जपलेली असते. तो मजकूर वाचायचा, मेमरीतल्या डेटाबेसवर चालवायचा आणि मग नोंदी भरायच्या. इंडेक्सच्या आज्ञा वेगळ्या असतात. एखादा कॉलम युनिक ठेवण्याची जबाबदारी अशाच इंडेक्सवर असेल आणि तो राहून गेला, तर ते बंधनही गेलं. ट्रिगर मात्र नोंदी भरून झाल्यावरच आणायचे, नाहीतर भरतानाच ते चालू लागतात.

सगळाच डेटाबेस हवा असेल तर बॅकअपची सोय उत्तम. ती पानंच्या पानं उचलून नेते, त्यामुळे काही सुटत नाही. पायथनमध्ये ३.७ आवृत्तीपासून ती हाताशी आहे. तरी एक गोष्ट उरतेच. फॉरेन कीची तपासणी एसक्यूएलाइटमध्ये सहसा मुळात बंद असते आणि प्रत्येक कनेक्शनवर ती प्रॅग्मा देऊन चालू करावी लागते. तोवर नियम टेबलात लिहिलेला दिसतो, पण पाळला जात नाही.

त्यामुळे प्रत तयार झाली की मी आधी तिच्यात मुद्दाम चुकीच्या नोंदी घालतो: दुबार पावती, बिनतारखेचा हप्ता, उणे रक्कम, नसलेलं खातं. चारही नाकारल्या गेल्या, तरच ती प्रत कामाला घेतो.