आपण की आम्ही

कुंभकोणमहून अणैक्करैमार्गे गंगैकोंडचोळपुरमकडे जाणाऱ्या बसमध्ये माझ्या शेजारी जावाची एक मुलगी बसली होती. ती भाषाविज्ञान शिकते, शिवाय तमिळही. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आमची ओळख झाली होती. मी तिथे मराठी हस्तलिखितं बघायला गेले होते, ती राजेंद्र चोळाच्या मागावर होती. ती मला 'इबू' म्हणे. इंडोनेशियन भाषेत इबू म्हणजे आई, आणि वयाने मोठ्या बाईलाही तीच हाक.

तिने विचारलं, "इंग्रजी 'वुई'ला मराठीत काय म्हणतात?"

"ते कोण ऐकतंय त्यावर आहे," मी म्हटलं. "ऐकणारा त्यात धरला तर 'आपण', नाही धरला तर 'आम्ही'."

तिने लगेच वही काढली. इंडोनेशियनमध्ये हेच काम 'किता' आणि 'कामी' करतात. किता म्हणजे आपण, कामी म्हणजे आम्ही. तमिळमध्ये 'नाम' आणि 'नांगळ'. तेलुगूत आणि गुजरातीतही हा भेद आहे. हिंदीत नाही, आणि कन्नडमध्ये पूर्वी होता तो पुढे गळून गेला. मराठीला तो द्राविडी शेजारामुळे मिळाला असं सहसा मानलं जातं. युरोपीय अभ्यासकाच्या नजरेस तो पडला तो दूर पेरूमध्ये: 1560 मध्ये छापलेल्या केचुआ भाषेच्या व्याकरणात दोमिंगो दे सांतो तोमास या धर्मोपदेशकाने त्याची नोंद केली.

मला वाटलं होतं, तिला हा भेद आईच्या दुधाबरोबर आला असणार. तसं नव्हतं. तिच्या घरी जावानीज बोलतात आणि तिथे तो इतका काटेकोर नाही. इंडोनेशियन ती शाळेत शिकली आणि किता-कामीच्या चुकांसाठी तिने बोलणी खाल्ली. 28 ऑक्टोबर 1928 रोजी तरुणांनी जी शपथ घेतली, तिच्यात देशाची भाषा म्हणून सर्वाधिक लोकांची जावानीज निवडली नव्हती. बंदराबंदरांत चालणारी मलय 'बहासा इंडोनेशिया' या नावाने निवडली होती. त्यामुळे त्या देशातल्या कोट्यवधी लोकांनी आपली राष्ट्रभाषा दुसरी भाषा म्हणून शिकून घेतली आहे. परक्यांना इंडोनेशियन शिकवताना कुठल्या चुका होतात, याचं तिला कुतूहल होतं. तिचं म्हणणं, हिंदी बोलणाऱ्याला हा भेद समजावून सांगावा लागेल, तुम्हाला नुसता शब्द सांगितला की पुरे.

तिरुप्पनंदाळला मला काशी मठ बघायचा होता, म्हणून आम्ही मध्येच उतरलो. मठाची परंपरा सतराव्या शतकातल्या कुमरगुरुपरर या शैव कवीपासून सुरू होते. तो पाच वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता असं सांगतात. पुढे गुरूच्या आज्ञेने तो काशीला गेला. तिथे मठासाठी मोगल सत्ताधीशाकडे जागा मागायची तर हिंदुस्थानी यायला हवी. आख्यायिका अशी की त्याने सरस्वतीवर दहा कडव्यांचं 'सकलकलावल्ली मालै' रचलं आणि भाषा त्याला प्रसन्न झाली. नंतरच्या काळात मठाचं मुख्य पीठ काशीहून इथे आलं.

"दहा कडव्यांत भाषा!" ती म्हणाली. "आणि माझं तमिळ अजून बसस्टँडच्या पुढे जात नाही."

पण ते चहाच्या टपरीपर्यंत पोचत होतं. टपरीवाल्याने तिला गाव विचारलं. इंडोनेशिया म्हटल्यावर त्याने हात उत्तरेला, गंगैकोंडचोळपुरमच्या दिशेला केला. "राजेंद्र चोळन! नांग तुमच्याकडे जहाजं घेऊन आलो होतो!" नांग म्हणजे नांगळचंच बोलीतलं रूप. 1025 च्या सुमाराची स्वारी तो कालची असल्यासारखी सांगत होता. ती हसत मला म्हणाली, "स्वारी झाली श्रीविजयावर, ते सुमात्रात. मी जावाची. आता मी 'आमच्यावर' म्हणू की 'त्यांच्यावर'?" मग तिने त्याला सांगितलं की जहाजाला आमच्याकडे 'कापाल' म्हणतात. 'कप्पल' ऐकून तो खूश झाला. दुकानाला 'कदाई', म्हणजे 'कडै'. "नम्म वार्त्तै," तो म्हणाला. आपला शब्द. त्या 'आपल्या'त ती होती की नव्हती, हे दोघींनाही ठरवता आलं नाही. याच राजेंद्राच्या बापाने, राजराजाने, श्रीविजयाच्या राजाने नागपट्टिणमला बांधवलेल्या बौद्ध विहाराला गाव दान दिलं होतं. त्यानंतर जेमतेम वीस वर्षांनी ती जहाजं निघाली.

कुंभकोणमला ज्या काकूंकडे मी उतरले होते, त्यांचं घराणं तंजावरच्या भोसल्यांच्या काळापासून इथलं. त्या माझ्याशी मराठीत बोलत, प्रेमाने वाढत, पण भाषेचा विषय निघाला की 'तुमचं मराठी' आणि 'आमचं मराठी' अशी वाटणी करत. मला ते आधी लागलं होतं. टपरीवर बसल्यावर लक्षात आलं की त्या फक्त काटेकोर बोलत होत्या.

चहा पिता पिता मी तिला सांगितलं की मी एका इंडोनेशियन कथेचा अनुवाद केला आहे, अर्थात इंग्रजीवरून. कथा 1965 नंतरची. त्या वर्षाच्या अखेरीपासून कम्युनिस्ट ठरवलेल्या माणसांची तिकडे जी कत्तल झाली, तिच्यात किमान पाच लाख माणसं मेली असं मानतात. कथेत गावातल्या शिक्षकाला एका रात्री घेऊन जातात. अनेक वर्षांनी एक म्हातारा आपल्या धाकट्या भावाला ती रात्र सांगतो. शेवट इंग्रजीत चार शब्दांचा. मी लिहिलं होतं: आम्ही गप्प बसलो.

तिने फोनवर मूळ कथा शोधली. शेवटचं वाक्य वाचून दाखवलं: "किता दियाम साजा."

किता.

मी घाईने म्हटलं की बोलण्यात किता सैल वापरत असतील. आमच्या मुंबईत 'अपुन' म्हणजे चक्क 'मी'. ती म्हणाली, खरं आहे, मानाडोकडे 'किता' म्हणजे 'मी'च, आणि जाकार्तात कामीच्या जागी लोक सर्रास किता म्हणतात. पण तिने तेवढ्यावर सोडलं नाही. कथा वरपासून वाचली. त्याआधी चार ठिकाणी म्हातारा 'कामी' म्हणतो: आम्ही शेतात होतो, आम्ही दिवे विझवले. फक्त शेवटी किता. म्हणजे लेखकाने भेद पाळला होता आणि शेवटच्या वाक्यासाठी राखून ठेवला होता.

माझ्या अनुवादात म्हातारा कबुली देतो. मुळात तो धाकट्या भावाला म्हणतो, तूही तिथे होतास. आपण गप्प बसलो. कथा तिथे उलटते, आणि वाचणाराही त्या 'आपण'मध्ये ओढला जातो. इंग्रजीतून येताना ते हरवलं, यात इंग्रजी अनुवादकाचा काय दोष? त्याच्या भाषेत ती सोयच नव्हती. माझ्या भाषेत होती. दोन्ही काठांवर शब्द तयार होते, आणि मधला पूल अरुंद होता म्हणून मी रिकाम्या हाताने आले. खरं सांगायचं तर 'आम्ही' लिहिताना मी थांबलेच नव्हते. 'आम्ही' सोपं होतं. त्यात ऐकणाऱ्याला काही लागत नाही.

मी कपाळाला हात लावला. तिला वाटलं, मी तिच्यावर रागावले. विषय बदलायला ती शब्द सांगत राहिली. 'चिंता' म्हणजे त्यांच्याकडे प्रेम. 'सेंगसारा', मूळ आपलाच संसार, म्हणजे हालअपेष्टा. एरवी मी यावर पोट धरून हसले असते.

आम्ही पुढची बस धरली आणि गंगैकोंडचोळपुरम बघून संध्याकाळी परतलो. रात्री काकूंच्या माडीवर बसून मी संपादकांना पत्र लिहायला घेतलं. अंक छापून झाला होता. पुढच्या अंकात दुरुस्ती छापता आली तर बघावं, एवढीच विनंती. पहिलं वाक्य लिहिलं: आपल्याकडून एक चूक झाली आहे.

मग 'आपल्याकडून' खोडलं, आणि 'माझ्याकडून' लिहिलं.