शिरोरेषा सांभाळताना

जेवणं आटोपली की मी माझ्या वेबसाइटचं काम उघडते. विकायचं काहीच नाही. सुलेखनाचे कागद, थोड्या कविता, सहलींतली रेखाटनं, एवढाच ऐवज. तरी रंग आणि समास जुळवण्यात रात्र कशी सरते कळत नाही.

देवनागरीला जागा जास्त लागते. वर वेलांटी, रफार, खाली उकार. रोमनच्या मापाने ओळी लावल्या तर मात्रा एकमेकींवर आदळतात. अक्षरं विरळ केली की शिरोरेषाच तुटते. आज मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा मोफत मिळणारा ‘मुक्त’ फॉन्ट लावला. पान एकदम मोकळं झालं.

र. कृ. जोशी आठवले. कवी, सुलेखनकार, आणि विंडोजमधला ‘मंगल’ फॉन्टही त्यांचाच. छंद आणि व्यवसाय यांत त्यांनी भिंत घातली नाही.

माझी तेवढी झेप नाही आणि त्याची खंतही नाही. ऑफिसात प्रत्येक कामाला मुदत असते, कुणाची तरी मंजुरी लागते. इथे एका रेषेची जाडी ठरेना म्हणून कुणी खोळंबत नाही. यातून मिळतं काय, असं वहिनी विचारतात. आपल्याला नेमकं काय आवडतं, ते कळतं. तेवढ्यासाठी वेळ वाया घालवायची मुभा हवीच.