वाटीचा तळ

आज शेडमधल्या लेथचं लिहितो, पण विषय गव्हाचाच आहे.

गव्हाला २१ दिवस झालेले. मुकुटमुळं फुटायची वेळ, पाणी आणि युरिया चुकवून चालत नाही. लाईट रात्रीची, आणि हाताने फिरवायचं खत फेकणी यंत्र बंद पडलेलं. आतली उभी दांडी ज्या वाटीत उभी राहते तीच फुटलेली. युरिया हाताने फेकता आला असता, पण गेल्या साली असंच केलं आणि रानात हिरवे-पिवळे पट्टे पडले. म्हटलं, हौसेनं घेतलेला लेथ आता कामाला लावू.

वाटी साधीच. २४ मिमी व्यास, १५ मिमी खोल, तळाला पितळी चकती, तिच्यावर दांडी. तळ सपाट नसला की चकती डुलते.

पहिली वाटी भंगारात गेली. १६ मिमीचं ड्रिल पूर्ण अंगानं १५ मिमी आत घातलं. त्याचं टोक निमुळतं, ११८ अंशाच्या ड्रिलला व्यासाच्या साधारण ०.३ पट. म्हणजे तळाखाली आणखी ५ मिमी खड्डा! पहारीनं खड्डा घेतला की तळ कसा निघतो, तसंच.

दुसऱ्या वेळी ड्रिलचं टोकच साडेचौदावर थांबवलं, बाकीचं बोरिंग बारनं. जाड बार चालत नाही बरं का. टूलचं टोक मध्यावर आलं की बारची पाठ भिंतीला घासते. टोकापासून पाठीपर्यंतचं माप १२ मिमीच्या आतच हवं. १० मिमीचा बार घेतला, टूलची पुढची धार मागे उतरती घासली. खोली आल्यावर कॅरेज लॉक केलं आणि क्रॉस स्लाइडनं भिंतीकडून मध्याकडे आलो.

तरी मधोमध बारीक फोड राहिली. चकती ठेवली तर डुलतेच! फोड १ मिमी जाडीची, म्हणजे टूल मध्यापासून अर्धा मिमी वर किंवा खाली. टेलस्टॉकच्या सेंटरला लावून पाहिलं, खालीच होतं. पत्र्याची अर्ध्या मिमीची पट्टी खाली सारली, पुन्हा एक हलका हात मारला. मग चकतीला शाई लावून तळावर घासली. डाग सगळीकडे सारखा उठला.

सांजच्याला यंत्र जोडून युरिया टाकला. लाईट दहाला आली, आणि शेवटचा सारा भरला तेव्हा पहाटेचे चार वाजले होते.