जुना पत्ता चालू आहे

आमच्या विद्यार्थी साहाय्य संस्थेचं नाव बदललं आणि सत्तावीस मेलबॉक्स जुन्या डोमेनवरून नव्यावर न्यायचं काम माझ्याकडे आलं. बुधवारीच मी जुन्या डोमेनचा टीटीएल 86,400 सेकंदांवरून 300 वर आणला. टीटीएल म्हणजे आपला ठावठिकाणा एकदा विचारून घेतल्यावर बाकीच्या सर्व्हरांनी तो किती वेळ धरून ठेवायचा, ती मुदत. आधी ती अख्ख्या दिवसाची होती, आता पाच मिनिटांची झाली. बिऱ्हाड हलवण्याआधी शेजारीपाजारी सांगून ठेवावं, तसं.

मधले दोन दिवस नुसती पत्रं वाहिली. पहिल्याच मेलबॉक्सला काळजात धस्स झालं. 2006 पासूनची सगळी पत्रं नव्या खात्यात गुरुवारच्या तारखेने उभी! कुणाची फी भरायची राहिल्याची विनवणी, कुणी कळवलेली पहिल्या पगाराची बातमी, सगळं एकाच दुपारी आल्यासारखं. पत्राच्या आतली तारीख शाबूत होती. सर्व्हरवर पोचल्याची तारीख मात्र उतरलीच नव्हती. विनवणी आधीची की पगार आधीचा, हे यादीवरून कळायचं कसं? सगळं पुसलं आणि तारखांसकट पुन्हा वाहिलं.

खरा जीव अडकला तो आमच्या हिशेबनीस काकांच्या खात्यात. काका निवृत्त होऊन चार वर्षं झाली. सर्व्हरवर त्यांची पत्रं निघाली अवघी अकरा. पूर्वी जागा तोकडी, म्हणून त्यांचं खातं पॉप पद्धतीने लावलेलं होतं: पत्र संगणकावर उतरलं की सर्व्हरवरून जायचं. म्हणजे पंधरा वर्षांचा पत्रव्यवहार त्यांच्या एकट्या सीपीयूत, एका फाइलीत. तो सीपीयू भंगारवाल्यासाठी जिन्याखाली काढून ठेवलेला. फडक्याने पुसून मी तो चालू केला. बराच वेळ घरघरला, मग डाव्या बाजूला फोल्डरांची रांग आली. 'पावत्या', 'वसतिगृह', 'बँक', आणि तळाशी 'उत्तर बाकी'. त्यात तीन पत्रं होती.

नव्या सर्व्हरवर चढवताना या देवनागरी नावांचं 'अँड'च्या खुणेने सुरू होणारं कडबोळं झालं. आयमॅप, म्हणजे पत्रं सर्व्हरवरच ठेवून हाताळण्याची पद्धत, फोल्डरांच्या नावांतली इंग्रजीबाहेरची अक्षरं तशीच गुंडाळून पाठवतो आणि आमच्या साधनाने ती उलगडली नव्हती. एकेक नाव मी हाताने पुन्हा लिहिलं. मग काकांना फोन लावला. ते क्षणभर गप्प राहिले. म्हणाले, "त्या तिघांना तू उत्तर दे रे. माझ्याच्याने राहून गेलं." रविवारी तेच काम पहिलं केलं.

शनिवारी रात्री जुन्या डोमेनची एमएक्स नोंद, म्हणजे त्याचं टपाल कोणत्या सर्व्हरने उतरवून घ्यायचं ते सांगणारी नोंद, नव्या सर्व्हरकडे वळवली. 1971 साली रे टॉमलिन्सन यांनी माणसाचं नाव आणि यंत्राचं नाव यांच्यामध्ये 'ॲट'ची खूण ठेवली, तेव्हा पत्ता त्या यंत्राशीच बांधलेला होता. 1986 साली एमएक्सचा नियम आला, आणि नाव एकीकडे, टपाल उतरवून घेणारं यंत्र दुसरीकडे, असं करता आलं. त्या मंडळींचे माझ्यावर उपकार आहेत. बारा चाळीसला मी जुन्या पत्त्यावर एक पत्र धाडलं आणि ते नव्या खात्यात येऊन पडलं.

काही जण म्हणाले, वर्षभर फॉरवर्डिंग ठेवा, मग जुनं डोमेन सोडून द्या. मला ते मुळीच पटत नाही. आमचा जुना पत्ता छापील पावत्यांवर आहे, वसतिगृहाच्या पाटीवर आहे, गावोगावच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत आहे. तिथे जाऊन तो कोण खोडणार? सोडलेलं डोमेन कुणीही विकत घेऊ शकतं, आणि मग त्या पत्त्यावरचं प्रत्येक पत्र त्याच्या हाती. बँकेचं, पासवर्ड बदलण्याच्या दुव्याचं, आणि फीसाठी हात पसरणाऱ्या एखाद्या मुलीचंसुद्धा.

मी पुढच्या पाच वर्षांचे पैसे भरून टाकले आहेत. तुमच्याही संस्थेचं नाव बदललं असेल, तर जुन्या डोमेनची मुदत कधी संपते ते आजच बघा आणि वाढवून घ्या.